कवळीबाईचा मेलेला देव

तिला सगळे कवळीबाई म्हणतात आणि ती खुशाल ओ देते. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक खोली आहे, तिथे ती लोकांचे दात बनवते. खिडकीशी लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात दात घासून गुळगुळीत करायचं यंत्र आणि सगळ्यावर पिठासारखी बारीक धूळ. तिच्या भुवयांवरसुद्धा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाई म्हातारीच्या भूमिकेसाठी रंगून आलीय आणि आता प्रवेशाची वाट बघतेय.

मी तिच्यापर्यंत पोचले ती अर्थातच दातांमुळे. उभा जन्म रंगभूमीवर राण्या केल्या. दात गेले तसे माझे त आणि द तोंडातून वाऱ्यासारखे निसटायला लागले. राणीने "दूर हो" म्हणावं आणि समोरच्याने रुमाल शोधावा, अशी अवस्था. नाटकं केव्हाच सुटली होती, पण घरातल्या घरात तरी माणसाला नीट रागावता आलं पाहिजे की नाही?

डॉक्टर तरुण, गोड माणूस. त्यांनी मेणाच्या पट्ट्या माझ्या हिरड्यांवर बसवल्या, दिवा पुढे ओढला आणि म्हणाले, "चावा, मावशी." मी चावले. दोन्ही जबडे एकमेकांवर नेमके कसे बसतात ते त्या मेणावर उमटतं आणि त्यावरून कवळी होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मागच्या खोलीतून कवळीबाई स्वतः बाहेर आली, हातात माझं मेण.

"मावशी, हा चावा तुमचा नाही."

"अगं, माझ्याच तोंडातून काढलाय ना?"

"तोंड तुमचं, पण चावा तुमचा नाही. खालचा जबडा बघा किती पुढे आलाय. अशी कवळी घातलीत तर आठवड्यात कानशिलं धरून बसाल. तेव्हा करत काय होतात तुम्ही?"

मी आठवून पाहिलं आणि मला हसूच फुटलं. "डॉक्टरांनी दिवा लावला ना गं! तोंडावर उजेड आला की माझी हनुवटी आपोआप वर जाते. शेवटच्या रांगेला हसू दिसायला नको?"

डॉक्टर एवढे हसले की त्यांचा मास्क नाकावरून घसरला. कवळीबाई मात्र हसली नाही. तिने पुढे होऊन दिवा मालवला आणि म्हणाली, "घरी एकट्याने जेवता, तशा चावा."

उभ्या आयुष्यात इतकी अवघड सूचना मला कुठल्या दिग्दर्शकाने दिली नव्हती. पाच-सहा वेळा चुकले. ती कंटाळली नाही. मेण पुन्हा गरम करायची, पुन्हा म्हणायची, "अजून कोणीतरी बघतंय तुमच्याकडे." शेवटी जमलं.

ती अशीच आहे. एकदा एका आजोबांनी समोरचा दात टवका उडालेलाच करून मागितला, कारण तसा नसेल तर नात ओळखणार नाही. डॉक्टर नको म्हणत होते. तिने गुपचूप तो टवका उडवून दिला. उलट एका नवरदेवाला भिंतीसारखे पांढरेफेक दात हवे होते, तर त्याला म्हणाली, "दुसरीकडे जा. मी माणसांचे करते." डॉक्टर म्हणतात, या खोलीचं भाडं मी भरतो, पण राज्य तिचं चालतं.

मेणाचं काम चाललं असताना मी तिच्या फळीवरचे जबडे बघत बसायचे. एका टोकाला ठेवलेले काही वेगळे वाटले. एकाचे पुढचे दात झिजून निम्मे झालेले, एकाला तर दातच नाहीत.

"हे कोणाचे गं?"

"तो झिजलेला स्वयंपाक्याचा. सतत चव बघतो ना. तो बोळका द्वारपाल. महापुजारणीचा अजून झालेला नाही, सुचत नाहीये."

"कुठल्या देवळातले लोक हे?"

"देवळातले नाहीत. देवाच्या घरचे. देव मेलाय." आणि फुंकर मारून तिने हातातल्या दाढेवरची धूळ उडवली.

मग हळूहळू कळलं ते असं. रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत चार जण जमतात आणि एक खेळ खेळतात. एक जण सूत्रधार. ते त्याला मास्टर म्हणतात. तो एक जग रचतो. बाकीचे त्या जगात एकेक पात्र होतात आणि आपण आता काय करणार ते बोलून दाखवतात. जमेल की फसेल अशी शंका आली की वीस बाजूंचा एक फासा टाकायचा. मोठा आकडा पडला की जमलं. एकेक कथा महिनोन् महिने चालते. खेळणारे म्हणजे कवळीबाई, डॉक्टर, तिची चष्म्याच्या दुकानात काम करणारी भाची आणि त्या भागातला पोस्टमन.

"आणि संहिता?" मी विचारलं.

"नसते."

"प्रॉम्प्टर?"

"तोही नसतो."

"अगं, मग हा खेळ आहे की मला पहाटे पडणारी स्वप्नं?"

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. तिचे स्वतःचे दात वेडेवाकडे आहेत.

आजवर ती इतरांच्या कथांमध्ये खेळली होती. राक्षस मारले, खजिने काढले. या वेळी प्रथमच मास्टर ती होती आणि वर्षभर तिची तयारी चालली होती. तिने एक शहर रचलं होतं. त्या शहरात भट्टीचा देव खराखुरा राहतो, सगळ्यात उंच घरात. त्याच्या श्वासावर गावातल्या चुली, कुंभारांच्या भट्ट्या, रस्त्यावरचे दिवे जळतात. एका सकाळी सगळं विझलेलं. वर जाऊन बघतात तर देव अंथरुणात मेलेला. तीन परके पाहुणे गावात असतात, त्यांनी चौकशी करायची. डॉक्टर, भाची आणि पोस्टमन म्हणजे ते तिघे. शहर तिने दातांच्याच प्लास्टरमध्ये ओतलं होतं, एकेक पेठ लॅबमधल्या एकेका ट्रेवर. आणि साक्षीदार सुचायचे ते दातांपासून. आधी जबडा, मग माणूस.

"त्या शहरात एकच नियम आहे," ती म्हणाली. "'देवाची इच्छा' असं कुणालाही म्हणता येणार नाही. देवच मेलाय. मग तो मेला कोणाच्या इच्छेने? आता माणसांनीच उत्तर द्यायचं."

मी म्हटलं, हे तुला सुचलं कुठून? ती यंत्रावर एक दात धरून होती. यंत्र बंद न करताच बोलली, त्यामुळे मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"बाबा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. धुराड्यात काजळी साचली होती. ते सांगून आले होते, साफ करा म्हणून. त्यांना म्हणाले, तुम्ही जुने माणूस, तुम्हाला काय होतंय! मग एक दिवस धूर उलटा आत फिरला. मी नऊ वर्षांची होते. घर माणसांनी भरलं आणि जो येईल तो एकच म्हणे, देवाची इच्छा. कारखान्याचे साहेब आले, तेही तेच म्हणाले. मी विचारलं, धुराडं साफ कुणी करायचं होतं? काकांनी दंडाला धरून मला आतल्या खोलीत नेलं. 'पोरीला कळत नाही,' म्हणाले." तिने यंत्र बंद केलं. "मला कळत होतं, मावशी. म्हणून तर आत नेलं."

"मग कुणी करायचं होतं?"

"मला काय माहीत? दुसरं कुणी विचारलंच नाही, तर सांगणार कोण?"

तिची एक अडचण होती. कथा पक्की, शहर पक्कं, पण साक्षीदार सगळे तिच्यासारखेच बोलायचे. भाची म्हणायची, "आत्या, तुझा सेनापतीसुद्धा 'तोंड उघडा' अशा सुरात बोलतो." मी म्हटलं, साक्षीदार मला दे. एवढ्या राण्या केल्या, चार नोकर करायला माझं काय जातंय?

तिने प्रत्येकाबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या. याला काय माहीत आहे आणि हा कशाला भितो. "बाकीचं तुमचं." महापुजारणीचा जबडाही एव्हाना झाला होता. खालचा जबडा ऐटीत पुढे, ओठांवर हसू येईल असा. मला तो ओळखीचा वाटला.

"अगं, हे माझं फसलेलं मेण!"

"तीही शेवटच्या रांगेसाठीच हसते," कवळीबाई शांतपणे म्हणाली.

खेळ सुरू व्हायच्या आठवड्यात तिने वाचनालयाच्या फळ्यावर लिहिलं: 'रविवारी नवा खेळ. देव मेला आहे. चौकशी चालू.' दुसऱ्या दिवशी वाचनालयाचे चिटणीस दवाखान्यात हजर. सभ्य, सडपातळ माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी माझी नवी कवळी घालून बघत बसले होते.

"बाई, हे काय लिहिलंत? लोक विचारायला लागलेत."

"बरं झालं. विचारावंच."

"तसं नव्हे हो. समितीचं म्हणणं, खेळाला ना नाही. पण देव मरायला नको. बेशुद्ध पडू दे. गाढ झोपू दे. शेवटी उठून बसला की झालं."

"कुठल्या देवाबद्दल बोलताय तुम्ही?"

"कुठल्याही."

"हा मी ओतलाय. या टेबलावर. मी सांगते, मेलाय."

"पण उठवायला तुमचं काय जातं?"

"सगळं जातं," ती म्हणाली. "तो उठला की लोक म्हणणार, चला, झालं नीट, आता घरी जाऊ. मग चौकशी कोण करेल?"

चिटणीसांनी किल्ल्या चाचपल्या. "मी रविवारी येऊन बसणार. देव उठला नाही, तर खोलीला कुलूप. पुन्हा म्हणू नका सांगितलं नव्हतं."

एवढं मोठं टेबल गावात दुसरीकडे नव्हतं आणि फुकट खोलीही नव्हती. ते गेले आणि दवाखान्यात सभाच भरली. भाची म्हणाली, "आत्या, हट्ट सोड. खोली गेली तर खेळच बंद." पोस्टमन भला माणूस, तो तर देव मेल्याचं ऐकलं तेव्हापासूनच हळहळत होता. डॉक्टर म्हणाले, "अहो, या वेळी उठवून टाका ना. पुढच्या कथेत पुन्हा मारू."

"दात काढायला बसता तेव्हा अर्धाच काढून सोडता का, डॉक्टर?"

मीही माझा अनुभव पाजळला. म्हटलं, आमच्याही नाटकांतले प्रवेश लोक कापायला लावायचे. आम्ही हो म्हणायचो, त्या गावात कापायचो आणि पुढच्या गावात अख्खा प्रयोग करायचो.

"तुम्हाला पुढचं गाव होतं, मावशी," ती म्हणाली. "मला हीच खोली आहे."



रविवारी टेबलावर शहर मांडलं गेलं. बाजार, कुंभारपेठ, नदीवरचा पूल आणि मधोमध देवाचं घर, त्याला उंच धुराडं. बाजूला जबड्यांची रांग. वाचायला आलेले दोघे-तिघे दारातून डोकावून गेले. चिटणीस दाराशी खुर्ची टाकून बसले, किल्ल्या मांडीवर. सुरुवातीला भिंतीकडे बघत होते. मी स्वयंपाक्याचा जबडा हातात घेऊन बोलायला लागले तशी मान जरा वळली. डॉक्टरांनी फासा टाकल्यावर त्यांनी हळूच विचारलंही, "किती पडले तर चांगलं?"

"वीस म्हणजे सर्वात वर," भाचीने सांगितलं. "वीस पडले की हमखास जमलं."

महापुजारणीने तिघांना गोड हसून देवाच्या शयनगृहात नेलं. कवळीबाईने ती खोली सांगितली: विझलेली शेगडी, भिंतींवर चढलेला काळपट थर, पांघरुणाची विस्कटलेली कड. आवाजात चढउतार नाही, हातवारे नाहीत. तरी पोस्टमनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं पात्र म्हणजे भटका साधू.

"मी प्रार्थना करतो," तो म्हणाला. "देवाने उठावं म्हणून."

"अहो, काहीतरीच!" भाची कुजबुजली.

"करू दे की. साधूच आहे मी."

कवळीबाईने मान हलवली. फासा पुलाला धडकला, बाजारातून घरंगळला आणि बोळक्या जबड्याला टेकून थांबला. वीस.

चिटणीस उठून उभेच राहिले. "वीस! म्हणजे उठला! तुमच्याच नियमाने उठला!"

डॉक्टर आशेने तिच्याकडे बघत होते. भाचीही. किती सोपं होतं! खोली राहिली असती, समिती खूश, आणि दोष कुणाचा नाही, फाशाचा. सहकलाकार वाक्य विसरतो, विंगेत प्रॉम्प्टर नसतो आणि सगळं नाट्यगृह आपल्याकडे बघतं, तसली ती वेळ होती.

कवळीबाईने फासा उचलून त्यावरची धूळ पुसली.

"वीस पडले," ती म्हणाली. "अशी प्रार्थना त्या शहरात आजवर कुणी केली नव्हती. रस्त्यावरची माणसं चालता चालता थांबली. पुजाऱ्यांनी माना खाली घातल्या. कुत्री भुंकायची थांबली. आणि देव मेलेला आहे."

"अहो, पण वीस..."

"वीसचं मोल दिलं मी. प्रार्थना उत्तम झाली. मेलेला उठत नाही, फासा कितीही चांगला पडू दे. पण ती प्रार्थना दारामागून कुणीतरी ऐकली, आणि त्याला गप्प राहवेना." तिने बोळका जबडा माझ्यापुढे सरकवला.

द्वारपालाची पाळी इतक्यात यायची नव्हती. मी त्याच्यासाठी लांबलचक भाषण बांधून ठेवलं होतं, मध्ये तीन विराम, शेवटी एक हुंदका. मी उभी राहिले. खिडकीतला उजेड तोंडावर आला. हनुवटी निघाली वर. आणि मला दिसलं, कवळीबाई माझ्या हनुवटीकडेच बघतेय.

मी खाली बसले. कवळी काढून रुमालावर ठेवली. पोस्टमन दचकला. मग घरी एकट्याने जेवावं तसं, कुणालाच न दाखवता बोलले.

"धुराडं तुंबलं होतं. मी सांगून आलो होतो, साफ करा म्हणून. म्हणाले, देव आहे तो, त्याला काय होतंय."

बोळक्या तोंडातून शब्द कसे आले असतील ते आले. कुणी हसलं नाही. भाचीने आपल्या आत्याकडे बघितलं. तिचे आजोबा, म्हणजे कवळीबाईचे बाबा, कसे गेले ते तिलाही घरातून एवढंच सांगितलं गेलं होतं की देवाची इच्छा.

"झालं," चिटणीस म्हणाले. "मी सांगितलं होतं. आता मला इलाज नाही."

कवळीबाईने वाद घातला नाही. तिने पहिला ट्रे उचलला. आम्ही सगळ्यांनी एकेक पेठ बाहेर आणली. मागे कुलूप लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, पडला पडदा. ती मात्र जिन्याच्या तोंडाशी थांबली आणि वळून म्हणाली, "जिनाही समितीचा आहे का हो?"

चिटणीस खरं बोलणारा माणूस. "जिना... जिना येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आहे."

"बसा रे," ती म्हणाली.

देवाचं घर वरच्या कठड्याशी, बंद दारासमोर. त्याच्या खालच्या पायरीवर पुजाऱ्यांची आळी, मग कुंभारपेठ, मग बाजार, सगळ्यात खाली पूल. टेबलावर सपाट पसरलेलं ते शहर पहिल्यांदाच खरंखुरं चढणीवर वसलं. पुस्तक परत करायला आलेले एक गृहस्थ दोन्ही हातांनी धोतर सावरत बाजार ओलांडून वर गेले आणि "कोण मेलं?" असं विचारून तिथेच रेंगाळले. डॉक्टर कडेला अंग चोरून बसले. महापुजारणीची उलटतपासणी सुरू झाली. मी कवळी घालून राणीसारखी हसत होते, एकाही प्रश्नाला सरळ उत्तर देत नव्हते.

"पण त्याने सांगितलं कोणाला?"

आवाज वरून आला. आम्ही माना वळवल्या. चिटणीस अजून दाराशीच उभे होते, किल्ली बोटात अडकवलेली, कानाच्या पाळ्या लाल.

"नाही, म्हणजे... तो द्वारपाल म्हणाला ना, सांगून आलो होतो. कोणाला सांगून आला होता? ते विचारायला नको का कुणी?"

कवळीबाईच्या हातात कुठलातरी जबडा होता, तो तसाच राहिला. मग तिने पुजाऱ्यांची आळी थोडी बाजूला सरकवून पायरीवर जागा केली.

"विचारा ना," ती म्हणाली. "इथेच आहे तो."

चिटणीसांनी किल्ल्या खिशात टाकल्या. देवाच्या घराला वळसा घालून ते जपून खाली उतरले आणि बसले. "फासा टाकावा लागेल का?"

"याला नाही लागत. याला नुसतं विचारावं लागतं."

मी कवळी पुन्हा काढली आणि रुमालात ठेवली.